मिरीचा रुसवा

२२ फेब्रुवारी, रविवार

प्रिय बाबा,

नमस्कार. आधी तुमचा खुबा कसा आहे ते लिहा, बाकीचं नंतर. दादाकडून धाडलेल्या मागच्या पत्रात वहिनी चहा पाणचट करते यावर अडीच पानं होती आणि खुब्याबद्दल एक ओळ. ऑपरेशन नक्की कशाचं झालंय?

फोन करायचा नाही हे आपलं ठरलं ते बरं झालं. शेवटचा फोन अकरा मिनिटांचा होता. त्यातली नऊ मिनिटं तुम्ही बोललात आणि उरलेल्या दोन मिनिटांत आपलं भांडण झालं. कागदावर निदान तुम्हाला मला मधे तोडता येत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं नवं मशीन आलंय. ते कसं चालवायचं ते फक्त मला कळतं, त्यामुळे मालक सध्या माझ्याशी फार गोड बोलतात. ढब्बू दर बुधवारी मुलांच्या इस्पितळात जाऊन येतो. परवा एका मुलीने त्याला अख्खं सफरचंद दिलं आणि तो परत यायलाच तयार होईना. कमरेएवढा घोडा, पण बसला की दोन माणसं लागतात उठवायला.

मिरी मजेत आहे. पोट दोन्ही बाजूंनी एवढं सुटलंय की तबेल्याच्या दारातून येताना चौकटीला घासतं. काल मी पोटावर हात ठेवला, तर आतून लाथ बसली. मी किंचाळले आणि मग एकटीच हसत बसले. आई गेल्यापासून या घरात इतक्या मोठ्याने हसल्याचं मला आठवत नाही.

आता कामाचं. लसीसाठी नव्या डॉक्टरीणबाई पाच मार्चला, गुरुवारी सकाळी दहाला येणार आहेत. आजवर सुई तुम्हीच टोचायचात आणि मी तेव्हा दुकानात असायचे, त्यामुळे मला यातलं ओ की ठो कळत नाही. गेल्या वर्षी मिरीच्या मानेला सूज आली होती एवढंच आठवतं. काय बघायचं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, सगळं सविस्तर लिहा. मिरीच्या बाबतीत मला चूक करायची नाहीये.

तुमची धाकटी


२६ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद. खुब्याला चार पायांचा वॉकर मिळालाय. मीही आता चार पायांवर चालतो, ढब्बूला सांग. तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. ती खूप हसली आणि चहा आणखी पाणचट केला.

लसीचं नीट वाच आणि हे पत्र तबेल्यात खिळ्याला अडकवून ठेव.

डोस पूर्ण द्यायचा. घोडा बुटका म्हणून लस अर्धी, असला शहाणपणा लोक करतात. लस म्हणजे काही शर्ट नाही, मापाने शिवायला. मोठ्या घोड्याला जेवढी तेवढीच हिलाही. मात्र दोन लसी एका दिवशी टोचू द्यायच्या नाहीत, कारण मिरीचं अंग हळवं आहे. गुरुवारी धनुर्वाताची, दुसरी तीन आठवड्यांनी. आणि पुढे ढकलायची नाही. आत्ता दिली तरच तिच्या चिकातून ती शिंगराला मिळेल. माझ्या हिशेबाने शिंगरू दहा एप्रिलच्या आसपास येतंय.

सुई टोचल्यावर तासभर तिथून हलायचं नाही. जिवावरचा धोका असतो तो तेव्हाच. अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा पापण्या सुजल्या, धाप लागली, पाय लटपटले, तर क्षणभरही थांबायचं नाही. त्यावरचं इंजेक्शन डॉक्टरच्या हाताशी भरलेलं हवं. ती पोरगी घाईत असेल तर तिला चहा कर, माझ्या तक्रारी सांग, काहीही कर, पण तासभर थांबवून घे. चाळीस वर्षांत असं मी तीनदाच पाहिलं. तिन्ही वेळा मी समोर होतो म्हणून जनावरं वाचली.

तासाभरानंतर जे होतं ते किरकोळ असतं. टोचल्या जागी लिंबाएवढी गाठ, आखडलेली मान, थोडा ताप, सुस्ती. सकाळ-संध्याकाळ ताप बघून वहीत लिही. ताप एकशे दोनच्या वर दोन दिवस राहिला किंवा गाठ वाढतच गेली तर डॉक्टरला कळव. एरवी धावाधाव करायची नाही. आणि एक लक्षात ठेव, मिरी रुसते. सुई टोचली की दोन-तीन दिवस भिंतीकडे तोंड करून उभी राहते, तुझी आई राहायची तशी. समजूत काढत बसू नकोस, आपोआप ताळ्यावर येते. प्रत्येक शिंकेला डॉक्टरला फोन करणारे मालक मी जन्मभर सोसलेत. ते गेले की कंपाउंडर आणि मी त्यांच्या नकला करायचो. तू त्यांच्यातली होऊ नकोस, माझं नाव घालवशील.

शिंगरू काळं झालं तर नाव मी ठेवणार. दुसऱ्या कुठल्याही रंगाचं झालं तरी मीच ठेवणार.

बाबा


७ मार्च, शनिवार दुपार

प्रिय बाबा,

नमस्कार. तुमच्या मुलीने तुमचं नाव राखलं. गुरुवारी सगळं तुमच्या पत्राबरहुकूम झालं. डॉक्टरीणबाई अर्धा डोस म्हणाल्याच नाहीत, उलट तुमचं पत्र खिळ्यावर वाचून म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी माझं निम्मं काम करून ठेवलंय." इंजेक्शन त्यांनी आधीच भरून ठेवलं होतं. मी घड्याळ लावून तासभर बसले. गांधी नाहीत, सूज नाही, धाप नाही. ढब्बूने सुई टोचल्याचं मनावरसुद्धा घेतलं नाही.

मिरीच्या मानेवर मात्र संध्याकाळी गाठ आली, डावीकडे, लिंबापेक्षा मोठी. ताप काल सकाळी एकशे एक पॉइंट आठ, संध्याकाळी एकशे दोन, आज सकाळी पुन्हा एकशे एक पॉइंट आठ. सगळं वहीत आहे. आणि तुम्ही म्हणालात तशी ती रुसली आहे, अगदी ठरल्यासारखी. गुरुवार संध्याकाळपासून भिंतीकडे तोंड. नखरे तरी किती! गवत अगदी तिच्या खुरांशी सरकवून ठेवलं, म्हणजे राणीसरकारांना दोन पावलंही चालायला नको. तर गवताकडे बघते, मग माझ्याकडे बघते, आणि पुन्हा भिंत. पाण्याची बादलीही जवळजवळ तशीच आहे. मी तुमचं ऐकून समजूत काढत बसले नाही. दुकानातून दुपारी एक चक्कर मारते, नवं गवत टाकते आणि जाते.

डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या, "दोन वेळची वैरण चुकली तर मला लगेच फोन करा. या चणीच्या घोडीला उपास चालत नाही, त्यातून ती गाभण." मी हो म्हटलं आणि मनात आलं, तुम्ही असता तर हिची कशी नक्कल केली असती! आज दुसराच दिवस आहे. तुमचे दोन-तीन दिवस होऊ देत, मग बघू.

पत्र आजच्या टपालात टाकते.

तुमची धाकटी


११ मार्च

धाकटे,

आशीर्वाद. तुझं शनिवारचं पत्र आज मिळालं. शाबास. इतकं नीट काम तर माझ्या कंपाउंडरने पंधरा वर्षांत केलं नव्हतं. त्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. पत्र वाचून दाखवलं तेव्हा दादा म्हणाला, एवढी काळजी माझ्या बोर्डाच्या परीक्षेला कुणी घेतली नव्हती.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर मिरीचा रुसवा निघालेला असेल आणि ती कुंपणाशी उभी राहून ढब्बूला चावत असेल. गाठ आठवडाभर राहील, दाबून बघू नकोस. तिचं टोपलं आणि बादली तू खोक्यावर ठेवली असशीलच, ती आणखी दोन-चार दिवस तशीच राहू दे. मान दुखते तेव्हा तिचं तोंड जमिनीपर्यंत जात नाही. गेल्या वर्षी मी सफरचंदांचा खोका उपडा घातला होता, तो लोणच्यासारखा मुरत अजून मागच्या पडवीत पडला असेल.

माझं इथून निघायचं ठरतंय. डॉक्टर म्हणतात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रवास चालेल. म्हणजे शिंगराच्या आधी चार दिवस मी हजर. तबेल्यात माझ्यासाठी खुर्ची टाकून ठेव, पाठ असलेली. गाभण घोडीच्या शेजारी बसून वाट बघण्यासारखं सुख नाही. तुझ्या वेळी मला इस्पितळात आत येऊ दिलं नव्हतं.

बाबा


१६ मार्च

प्रिय बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. हो, खोका लावला होता.

ढब्बूला सर्दी झाली आहे. सारखा शिंकतो. नाकातून पाणी येतं पण पातळ आहे आणि ताप नाही. खातो नेहमीसारखा. गेल्या बुधवारी त्याला इस्पितळात नेलं नाही, मुलांना आपलं उगाच काही व्हायला नको. नर्सबाईंचा फोन आला होता, मुलं विचारत होती म्हणाल्या. पुढच्या बुधवारी नेईन. तो सध्या फार चिकटतो, मी तबेल्यातून निघाले की दाराशी येऊन उभा राहतो आणि मागे मागे येतो.

दुकानात खूप काम आहे, म्हणून पत्र लहान. प्रवासाची घाई करू नका. खुबा पूर्ण बरा होऊ द्या, एप्रिलऐवजी मे झाला तरी चालेल.

धाकटी


२० मार्च

धाकटे,

ढब्बूच्या शिंकेवर तू आठ वाक्यं लिहिली आहेस. मिरीचं नाव पत्रात एकदाही नाही. माझा खुबा गेलाय, डोळे शाबूत आहेत.

मे झाला तरी चालेल म्हणजे काय? शिंगरू मे महिन्यापर्यंत थांबणार आहे का?

गाठ पिकली का? गाभ पडला का? असं झालं असेल तर तुझा दोष नाही, गाभण घोडीचं कधी काय होईल सांगता येत नाही. काय असेल ते सरळ लिही. मी जनावरांचा डॉक्टर आहे, वाईट बातमी ऐकून मला काही होत नाही.

दादाला विचारलं तर तो म्हणतो त्याला काही माहीत नाही, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणजे तू त्यालाही सांगितलेलं नाहीस. तुझ्या पत्राची रोज वाट बघतोय.

बाबा


२५ मार्च

बाबा,

मिरी गेली. दहा तारखेला, मंगळवारी, दुपारी साडेबाराला. शिंगरू पोटातच गेलं.

पंधरा दिवस मी हे वाक्य लिहून फाडत होते. तुमचं 'शाबास'चं पत्र चौदा तारखेला आलं, तेव्हा तिला पुरून चार दिवस झाले होते. ते वाचून मी तबेल्यात जाऊन बसले, आणि नंतर तुम्हाला ढब्बूच्या शिंका लिहून पाठवल्या. मला दुसरं काही सुचलं नाही.

रविवारीही ती तशीच उभी होती. ताप उतरला होता, म्हणून मला वाटलं बरी होतेय. सोमवारी सकाळी गेले तर आडवी होती आणि तिचा वरचा ओठ थरथरत होता. तेव्हा डॉक्टरीणबाईंना बोलावलं, त्या वीस मिनिटांत आल्या. रक्त काढलं, नळी जरा वेळ उभी ठेवली आणि मला दाखवली. वरचा थर दुधासारखा पांढरा होता. त्या म्हणाल्या, बुटक्या घोड्यांचं खाणं थांबलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, गाभण असली तर फारच लवकर, आणि मग लिव्हर बंद पडतं. लस वाईट नव्हती. लसीचा त्रासही साधाच होता. तिला उपासाने मारलं. त्यांनी सलाईनमधून साखर दिली, नाकातून नळी घालून पेज दिली, सोमवारी दिवसभर आणि मंगळवारी सकाळी त्या तिच्याजवळून हलल्या नाहीत. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शेवटपर्यंत शुद्धीवर होती असं वाटत नाही.

तुमची यात काहीही चूक नाही. तुम्ही सगळं लिहिलं होतं. टोपलं आणि बादली खोक्यावर होती, तरी तिने खाल्लं नाही. तिची इच्छाच मेली होती.

तिला कुंपणाच्या आत, चिंचेच्या झाडामागे पुरलंय. खड्डा खणायला चार माणसं लागली, एवढीशी तर होती.

दादाला मी सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा. मला पुन्हा लिहवत नाही.

धाकटी


२९ मार्च

धाकटे,

तुझं पत्र मी न्हाणीघरात जाऊन वाचलं. या घरात कडी लावता येते अशी ती एकच जागा आहे. वहिनीने दोनदा दार वाजवलं. मी म्हटलं, खुबा आखडलाय, बसू दे जरा.

वाईट बातमी ऐकून मला काही होत नाही असं मी तुला लिहिलं होतं. होतं. चाळीस वर्षं लोकांना त्यांच्या दारात उभं राहून 'गेलं' म्हणून सांगत आलो, तेव्हा त्यांना आत काय होत असेल हे आत्ता या वयात कळलं.

तुझी सगळी पत्रं मी काढून पुन्हा वाचली. सात मार्चच्या पत्रात तुझ्या अक्षरात आहे, 'गवत अगदी तिच्या खुरांशी सरकवून ठेवलं.' खोका नव्हता, धाकटे. तू खोटं लहानपणापासून वाईट बोलतेस. माझं खोक्याचं पत्र तुला मिळालं तेव्हा मिरीला जाऊन चार दिवस झाले होते. मला वाचवायला तू मेलेल्या घोडीसमोर खोका नेऊन ठेवलास.

आता माझं ऐक. मी तुला दोन पानं लिहिली. डोस, गांधी, धाप, ताप, सगळं लिहिलं. आणि जी एक गोष्ट तिला जगवणारी होती ती लिहिली नाही. विसरलो असंही म्हणवत नाही. खोका उपडा घालणं हे मला औषधपाणी वाटलंच नव्हतं. माणूस आजाऱ्याची उशी उंच करतो तसं मी ते करायचो, हात करायचे, डोक्याला पत्ताच नव्हता. म्हणून डोक्याने पत्र लिहिलं तेव्हा ते त्यात आलंच नाही. आणि ती माझ्याकडे कधी रुसलीच नव्हती. भिंतीकडे तोंड करायची, पण समोर खोक्यावर टोपलं असायचं, ती खात असायची. खाता-खाता रुसणाऱ्या घोडीला मी रुसलेली म्हणून तुझ्या हवाली केली.

ती गवताकडे बघायची आणि मग तुझ्याकडे बघायची, हे वाक्य मी किती वेळा वाचलं सांगता येत नाही. ती उपाशी होती.

तुझ्याकडून काही चुकलेलं नाही. तू मी सांगितलेलं सगळं केलंस. हेच मला सहन होत नाही.

बाबा


२ एप्रिल

बाबा,

तुम्हाला वाटतंय मी तुम्हाला वाचवायला खोटं लिहिलं. तसं असतं तर बरं झालं असतं. मी इतकी चांगली नाहीये.

तुम्हाला जे सांगितलं नाही ते सांगते. सोमवारी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांनी मिरीला आधार देऊन उभं केलं आणि मूठभर गवत तिच्या ओठांपाशी धरलं, उंच, आपण मुलाला घास भरवतो तसं. तिने ते खाल्लं. दोन घास खाल्ले, मग दमली. डॉक्टरीणबाईंनी जमिनीवरच्या गवताकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. खोक्याचं मला तुमच्या पत्रातून कळलं नाही, बाबा. तेव्हाच कळलं.

आणि त्याच्या आदल्या दिवशीचं. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता. मला दिसत होतं ना. तिचा तिसरा दिवस होता, डोळे खोल गेले होते, माझं मन सांगत होतं हा रुसवा नाही. एक रिंग वाजली आणि मी फोन ठेवला. कारण मला तुमचं हसणं ऐकू आलं. प्रत्येक शिंकेला डॉक्टरला फोन करणारे मालक. तुम्ही आणि कंपाउंडर.

मी अकरा वर्षांची असताना तुमच्या दवाखान्यात धावत आले होते, मांजरीला काहीतरी होतंय म्हणून. तुम्ही तिला तपासलं, तिला काही झालेलं नव्हतं. मग तुम्ही माझी नक्कल केलीत. "बाबाऽ, मांजर मेलीऽ!" हात हलवून, माझ्यासारखं नाक ओढून. बाकावर बसलेली सगळी माणसं हसली. कंपाउंडर तर पोट धरून हसला. मीसुद्धा हसले, कारण दुसरं काय करणार? तेव्हापासून मी खात्री झाल्याशिवाय काही बोलत नाही. दुकानात बोलत नाही, आईच्या दुखण्यातही बोलले नाही. आणि मिरीच्या बाबतीत खात्री झाली तेव्हा ती आडवी पडली होती.

खोका लावला होता असं लिहिलं, कारण तो नव्हता म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मग ती खात नाही हे बघून तू डॉक्टरला का बोलावलं नाहीस? आणि मला हे सांगावं लागलं असतं. मी एक्केचाळीस वर्षांची आहे. मला वडिलांच्या हसण्याची भीती वाटली म्हणून एक घोडी उपाशी मेली, हे कुठल्या तोंडाने लिहू?

तुमचा राग नाही असं लिहिणार होते. तेही खोटं झालं असतं. राग आहे. तुमचा आहे आणि माझाही आहे, आणि कुठला किती हे मला कळत नाही.

शिंगराची दहा तारीख जवळ येतेय. आता येऊ नका.

धाकटी


६ एप्रिल

धाकटे,

मांजराचं मला आठवत नाही. काल पत्र आल्यापासून बसून आठवायचा प्रयत्न केला. बाक आठवतो, कंपाउंडर आठवतो, तुझा निळा फ्रॉकही आठवतो. मी हसलो ते आठवत नाही. तू तीस वर्षं ते धरून जगलीस आणि माझ्या लेखी तो एक कुठलासा दिवस होता. याच्यासाठी क्षमा कशी मागायची मला माहीत नाही. मला आठवत नाही म्हणजे तसं झालंच नसेल, असं म्हणण्याइतकाही मी उरलेलो नाही. तू म्हणतेस म्हणजे झालं.

तुझ्या आईच्या दुखण्यातही तू बोलली नाहीस, या वाक्याच्या पुढे मी वाचूच शकलो नाही. तिथे थांबलो, पाणी प्यायलो, मग वाचलं. ते मला विचारायचं आहे, पण पत्रात नाही.

तू येऊ नका लिहिलंस. आजवर मी तुझं फारसं ऐकलेलं नाही, आणि नेमकं आता ऐकायला हवं हे मला कळतंय. तरी मी येतो. रविवारी दुपारच्या गाडीने. दादा सोडायला येतोय, तो उंबऱ्यावरूनच परत जाईल, मी तसं बजावलंय. दार उघडलं नाहीस तर मी बाहेर ओट्यावर बसेन. मला घाई नाही.

उघडलंस तर मला तबेल्यात घेऊन चल आणि गुरुवारपासून सगळं सांग. शुक्रवार, शनिवार, रविवारी अकरा वाजता काय दिसत होतं, काय वाटत होतं, सगळं. माझ्यावरचा राग मधे आला तर तोही सांग. मी तुला तोडणार नाही, हसणार नाही, काय करायला हवं होतं ते सांगणार नाही. आणि तुझी कशाची खात्री नसली, तरी सांग.

बाबा